चार बोटं केस

धानोऱ्यात बेबी नावाच्या बायका मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. म्हणून रेवाबाईच्या बेबीला गाव डोक्यावरून ओळखायचं. "ती कुरळ्या केसांची बेबी" म्हटलं की पत्ता पुरा झाला. केसही तसेच हट्टी होते. तेल चोपडा, पाणी मारा, फणीने ओढून काढा, दहा मिनिटांत पुन्हा आपल्या जागी. रेवाबाई दर शनिवारी पोरीला दोन गुडघ्यांत दाबून धरायची आणि त्या केसांत तेल जिरवायची. फणीचा दात मोडला की शिव्या पोरीला पडत, फणीला नाही.

बेबीबाईचं लग्न झालं, तिच्या तिसाव्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती सासरहून आईच्या घरी परत आली. रेवाबाईने लेकीला रडायला आठ दिवस दिले आणि नवव्या दिवशी सोबत पथारीवर नेलं. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते, व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात, ती पथारी. दसऱ्यापासून होळीपर्यंत तिथे शेकडो बायका उन्हात बसून मिरचीचे देठ खुडतात. लांबून पाहणाऱ्याला लाल गालिचा दिसतो आणि तो मोबाइल काढून फोटो घेतो. जवळ गेला की शिंका देत पळतो.

पहिल्याच दिवशी बेबीबाईचं व्हायचं तेच झालं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून देठ खुडलेल्या हाताने डोळा पुसला. मग अशी बोंबलली की अर्धी पथारी उठून आली. ती पाण्याच्या ड्रमकडे पळत होती, तर रेवाबाईने तिचा हात मागच्या मागे ओढला. "पानी नको! आधी तेल!" म्हणाली. लेकीला खाली बसवलं, कमरेची बाटली काढली आणि तिच्या एकेका बोटाला तेल चोळत राहिली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, नखांच्या कडांसकट. तोंडाने शिव्या अखंड चालू होत्या. तेलानंतर ताक, ताकानंतर पाणी, हा क्रम बेबीबाईला त्या दिवशी पाठ झाला. नवरा गेल्यानंतर कुणी आपला हात इतका वेळ हातात धरला नव्हता, हेही तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

त्याला चोवीस वर्षं झाली. रेवाबाईने दहा वर्षांपूर्वी पथारी सोडली. आधी तिच्या डोळ्यांवर सावट आलं, मग डोक्यावर. समोरचं माणूस तिला धुक्यात उभं असल्यासारखं दिसे. जेवली की नाही हे विसरे, नवरा मेला हे विसरे आणि रोज नव्याने त्याची वाट पाहत बसे. पण बेबी म्हणजे बेबी, त्यात घोटाळा नव्हता. लेक संध्याकाळी दारात आली की म्हातारी खाटेवरून आलीस का म्हणून विचारायची, "बेबी, उनी का?"

मागच्या आषाढात बेबीबाईला टायफॉइड झाला. ताप गेला आणि जाताना केस घेऊन गेला. उशीवर पुंजके, फणीत पुंजके, भाकरीच्या पिठात केस. शेवटी तिने गावच्या न्हाव्याला घरी बोलावलं आणि सगळंच उतरवून टाकलं. न्हाव्याचा हात क्षणभर अडला, तिचा जीव अडकला नाही. चोपन्नाव्या वर्षी रूप कुणाला दाखवायचं, असं ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. पुढे केस आले ते मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे आले. पातळ, सरळ, खुंटासारखे उभे.

दिवाळीच्या आधी आणखी एक गोष्ट झाली. रेवाबाईचे डोळे सारखे गळू लागले म्हणून बेबीबाईने तिला नंदुरबारला दाखवलं. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि विचारलं, घरात कोण मिरचीचं काम करतं? मग निक्षून सांगितलं, म्हातारीच्या आसपास मिरचीचा कणही नको. बेबीबाई डॉक्टरांचं ऐकणाऱ्यांतली. तिने घरातली मिरचीची गोणी, तिखटाचा डबा, खुंटीवरचं पथारीचं लुगडं, सगळं उचलून शेजारच्या आशाकडे नेऊन ठेवलं. आशा तिच्यासोबत पथारीवर जाणारी, तिच्या घरात मिरची आधीपासून नांदतच होती. आता बेबीबाई रोज संध्याकाळी व्यापाऱ्याच्या छोट्या हत्ती टेम्पोतून उतरली की आधी आशाकडे जाई, तेल, ताक, पाणी असं सगळं यथासांग करी, वर गुलाबाच्या वासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासी, लुगडं बदली, आणि मगच आईसमोर येई. ऑपरेशनला निघालेला डॉक्टरसुद्धा इतका स्वच्छ नसेल.

दिवाळीच्या अंघोळीला तिने आईला पाटावर बसवलं. म्हातारीने सवयीने हात उचलून लेकीच्या डोक्यावर ठेवला. हात तिथेच थबकला. पुढे सरकला, मागे आला.

"तू कोन शे वं?"

"माय, मी बेबी शे."

"नही," रेवाबाई शांतपणे म्हणाली. "मन्ही बेबीना केस कुरया शेतस. तू दवाखानानी बाई शे."

त्या दिवसापासून बेबीबाई आपल्याच घरात नर्सबाई झाली. म्हातारी नर्सबाईशी वागायला वाईट नव्हती. अदबीने बोलायची, खाटेची कड रिकामी करून द्यायची. पण परक्या बाईच्या हातचं किती खाणार? दोन घास घेतले की तोंड मिटायची आणि म्हणायची, "बस झायं नर्सबाई. आते मन्ही बेबीले बोलाव." बेबीला बोलवायचं काम रोज बेबीलाच मिळे. पहिल्या दिवशी तिला हसू आलं, दुसऱ्या दिवशी राग आला, आणि नंतर ती नुसती ताटली उचलून चुलीपाशी जाऊन बसू लागली.

आशा म्हणाली, केस गेले म्हणून ओळखत नाही. गाव म्हणालं, केसांमुळेच. गावानेही तिला केसांवरूनच ओळखलेलं होतं, तेव्हा गावाला दुसरं काय सुचणार?

माघ उजाडेपर्यंत रेवाबाईच्या दंडाची कातडी लोंबायला लागली. बेबीबाईचा धाकटा भाऊ राजेंद्र सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याने फोन केला.

"ताई, मी तुले बोल लावत नही," तो म्हणाला. "पन माय खाई नही ऱ्हायनी. मी सोमवारे सकायले येस आन तिले आठे लई येस."

"तुन्ही खोली तिसरा माळावर. तिले संडासले कोन लई जाई?"

"कोनी तरी लई जाई. तठे ती तुन्हा हातनं खास का?"

राजेंद्र वाईट माणूस नाही, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही ही एक मोठी पंचाईत असते. चोवीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिल्या होत्या. आई गेली तर घरात बेबीबाई आणि भिंती एवढंच उरणार होतं, आणि आईला तिकडे जाऊन कळणारही नव्हतं की आपण कुणाला सोडून आलो. ते सगळ्यात जास्त लागत होतं.

सोमवारला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी पथारीवर देठ खुडताना बेबीबाईने शेजारी बसणाऱ्या अर्शियाला विचारलं. अर्शिया नंदुरबारची, कय्युम टेलरची मुलगी, वीस-बावीस वर्षांची. सकाळी पथारी, दुपारनंतर पार्लरचा कोर्स. तिचा फोन म्हणजे केसांचं विद्यापीठ होता.

"सरळ केस कुरया करता येतस का वं? इतला आखूड?" बेबीबाईने फडकं सरकवून डोकं दाखवलं.

अर्शियाने बोटं लावून मोजलं. "चार बोट शेतस, मावशी. व्हतीन ना! मशीन लावाले नको, घरमाच व्हतीन. पन कसाले? कोठे लगीन शे का?"

"लगीन नही. मायले दाखाडनं शे."

अर्शियाने पुढे काही विचारलं नाही. या पोरीचा हा गुण बेबीबाईला आवडायचा. दुपारच्या भाकरीच्या वेळी तिने सगळं समजावून सांगितलं. दोन मुठी जवस पाण्यात उकळायचं, त्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट रस सुटला की गरम असतानाच फडक्यातून गाळायचा, गार झाला तर गाळता गाळला जात नाही. केस ओले करून करंगळीएवढी एकेक बट घ्यायची, तिला रस लावायचा, टोकाला चिंधी धरायची आणि टोकाकडून मुळाकडे गुंडाळत न्यायची. मुळाशी आली की चिंधीची दोन टोकं बांधून टाकायची. लांब केसांना जाड चिंधी चालते, आखूड केसांना पातळच हवी, नाहीतर बट एक वेढासुद्धा खात नाही. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सोडल्यावर फणी फिरवायची नाही, नुसत्या बोटांनी मोकळं करायचं. बोलता बोलता तिने बेबीबाईच्या कानामागची एक बट गाठोड्याच्या दोरीला गुंडाळून दाखवलीसुद्धा. शनिवारी तिने वडिलांच्या दुकानातली कात्रणं भरून एक पिशवी आणून दिली.

रविवारी पथारीला सुट्टी होती. बेबीबाईने सकाळी जवस उकळलं, न्हाऊन घेतलं, भिंतीवरच्या हातभर आरशासमोर बसली आणि आधी गाठ बसते का पाहायला कय्युमच्या कात्रणांतली एक निळी चिंधी घेतली. बट गुंडाळली, गाठ मारली. चिंधी सरकन निसटून मांडीवर पडली. दुसरी घेतली, तीही पडली. सगळी कात्रणं ब्लाउजांची, चकचकीत कापडाची. चार बोटांच्या सरळ केसांवर ती कशी टिकणार? पाच-सहा वेळा पडल्यावर तिने पिशवी बाजूला भिरकावली आणि ती आशाकडे गेली.

"काही सुती दे वं. जुनं, मऊ."

आशाच्या दोरीवर बेबीबाईचंच एक फडकं वाळत होतं, पथारीवर डोक्याला बांधायचं. कधीकाळी लुगडं होतं. दहा-बारा हंगाम ऊन खाऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. कालच साबणाने धुतलं होतं. धुतलंय म्हणजे स्वच्छ आहे, असं दोघींनी धरलं. आता, मिरची पाण्यासाबणाला दाद देत नाही, तिला आधी तेल लागतं, हे या दोघींना जितकं माहीत होतं तितकं जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल. पण ते हातांबद्दल माहीत होतं. फडक्यालाही तोच नियम लागू पडेल हे काही सुचलं नाही. रोजच्या गोष्टीत माणूस असंच फसतं.

आधी जवसाचा रस पुन्हा गरम करून त्या फडक्यातून गाळला. मग फडकं फाडून बोटभर रुंदीच्या चिंध्या केल्या. समोरच्या बटा बेबीबाईने बांधल्या, मागच्या आशाने. चौतीस गाठी झाल्या. आरशात पाहिलं तर डोक्यावर कांद्याची रोपं लावल्यासारखं दिसत होतं. आशा तोंडाला पदर लावून हसली. बेबीबाईही हसली, पुष्कळ दिवसांनी.

ती उन्हात पाठ करून बसली. डोक्याची कातडी जरा गरम वाटत होती, थोडी चुणचुणत होती. जवस ओढतंय, असं ती म्हणाली. चोवीस हंगाम मुरलेल्या कातडीला तेवढंच कळलं. आशाच्या बोटांना तर तेही कळलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास गाठी सोडल्या. अर्शियाच्या हिशेबाने सगळं बिनचूक उतरलं होतं. कानांवर, कपाळावर, मानेवर बारीक बारीक वेटोळी. बेबीबाई आरशासमोर नुसती बघत राहिली. आरशात ती होती. आठ महिन्यांनी दिसली होती.

भाकरी दुधात कुस्करून ती आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. रेवाबाईचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. बोलण्यासारखं जे होतं ते डोक्यावर होतं.

म्हातारीची बोटं केसांत शिरली. एक वेटोळं ओढून पाहिलं, सोडलं, ते पुन्हा जागेवर गेलं. दुसरं ओढलं. "कुरया शेतस," ती स्वतःशी म्हणाली. म्हातारी कपाळाला आठ्या घालून विचार करत होती, जवळ आलेलं काहीतरी हाताला लागत नव्हतं. मग विचार करताना ती नेहमी जे करायची ते तिने केलं. त्याच हाताने डोळा चोळला.

पुढचं सांगायला जास्त वेळ लागतो, घडायला लागला नाही. रेवाबाई ओरडली. फडकं, पथारी, डॉक्टर, सगळं एकदम बेबीबाईच्या डोक्यात आलं आणि ती पाण्याच्या हंड्याकडे धावली. मागून आवाज आला.

"पानी नको! आधी तेल!"

बेबीबाई हंड्याशी थिजली.

"काय वं बेबी!" म्हातारी गळणारा डोळा मिटून गरजत होती. तिच्या आवाजाला दहा वर्षांपूर्वीची धार आली होती. "कितला येळा सांगेल शे तुले! पथारीवरथून उनी की हातले आधी तेल लाव! पानी लावशी तं आग पसरी! आन ती बाटली. बस आठे. दे हात."

बेबीबाईने बाटली आणली. आधी आईच्या हाताला तेल लावलं, पापणीवर तुपाचं बोट फिरवलं, दुधात भिजवलेला कापूस ठेवला. म्हातारीने ते सगळं करू दिलं, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती लेकीचा हात शोधत होती. तो सापडल्यावर तिने करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट, नखांच्या कडांसकट. तोंडाने शिव्या चालू होत्या. बेबीबाई त्या शिव्या ऐकत रडत होती, आणि म्हातारी म्हणाली, "रडू नको, आग उतरी जाई."

त्या दुपारी रेवाबाईने अख्खी भाकरी खाल्ली आणि वर थोडं दूध मागितलं.

आशाने ही बातमी अर्शियाला फोनवर दिली, केस पाहून म्हातारीने ओळखलं म्हणून. बेबीबाईलाही तसंच वाटलं, आणि आईने ओळखलं, पोटभर जेवली, एवढं तिने राजेंद्रला फोनवर सांगितलं. तिने ते केस उद्यापर्यंत टिकवायचं ठरवलं. सोमवारी पहाटे उठून तिने डोक्याला फडकं बांधून अंघोळ केली, केसांवर थेंब पडू दिला नाही. बाकी अंग गुलाबाच्या साबणाने दोनदा घासलं, कालच्या प्रकाराची तिला धास्ती होती. वेटोळ्यांवरून तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे उरलंसुरलं तिखटही निघालं. मग कामाला न जाता ती भावाची वाट पाहत बसली.

राजेंद्र पहिल्या गाडीने आला. बहिणीचे केस पाहून गोंधळला. पिशवी दाराशीच ठेवली. "माय वळखस ना? दाखाड," म्हणाला.

बेबीबाईने आईचा हात डोक्यावर ठेवला.

रेवाबाईने केस चाचपले. सावकाश, वरून खाली. मग तिने हात काढून घेतला आणि कौतुकाने म्हणाली, "नर्सबाई, तुन्हा केस मन्ही बेबीना केससना मायक शेतस."

राजेंद्रने मान खाली घातली. बेबीबाईला वाटलं होतं, असं झालं तर आपण मोडून पडू. पण ती मोडली नाही, विचार करत होती. केस कालचेच, आई कालचीच, भाकरीही तीच. मग काल काय होतं जे आज नाही?

तिने स्वतःचा तळहात नाकाला लावला. गुलाब.

ती उठली आणि तडक आशाच्या घरात गेली. पथारीचं लुगडं कोपऱ्यात पडलं होतं. त्याच्या ओच्याला मिरचीचा चुरा चिकटलेला होता. तिने तो दोन्ही तळहातांवर चोळला, कोपरापर्यंत नेला आणि परत येऊन आईपासून हातभर लांब बसली. डॉक्टरांचं म्हणणं ती विसरली नव्हती, म्हणून हातभर लांब.

रेवाबाईचं नाक हललं. ती खाटेवर सरळ झाली.

"बेबी, उनी का?" ती म्हणाली. "हातले तेल लावं का नही आजून?"

"नही लावं, माय."

"मंग आन बाटली. कितला येळा सांगानं!"

राजेंद्र दाराशी उभा राहून पाहत होता. आईची बोटं तेलात बुडत होती, बहिणीच्या बोटांवरून फिरत होती. हे किती वेळ चालतं याचा त्याला अंदाज नव्हता. तेल झालं, ताक झालं, पाणी झालं, आणि मग बेबीबाईने त्याच हाताने आईला पहिला घास दिला. चौथ्या घासाला राजेंद्रने आपली पिशवी उचलली, आत ठेवली आणि म्हणाला, "माले बी वाढ." संध्याकाळच्या गाडीने तो एकटा सुरतला गेला.

बेबीबाईला तेव्हा पूर्ण उलगडलं. केस आषाढातच गेले होते, तरी दिवाळीपर्यंत आई तिला ओळखतच होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिने घरातून मिरची काढली होती, आणि मिरचीबरोबर स्वतःलाच बाहेर काढलं होतं. सगळं गाव केसांना नावं ठेवत बसलं. साबणाकडे कुणी पाहिलं नाही.

केस तिसऱ्या दिवशी सरळ झाले. अर्शियाने विचारलं, पुन्हा बांधू का? "काही गरज नही," बेबीबाई म्हणाली, आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाली, "तुन्हा जवसनी काम करं."

म्हातारीचं विसरणं थांबलेलं नाही. ती आता नवऱ्याचं नाव विसरली आहे, राजेंद्रलाही कधी कधी पोस्टमन समजते. रोज संध्याकाळी बेबीबाई हात न धुता येते, हातभर लांब बसते, शिव्या खाते, तेल लावून घेते, आणि मग दोघी जेवतात.

होळी जवळ आली तसं पथारीवरचं लाल आटत गेलं. आता पथारी थेट दसऱ्याला. शेवटच्या दिवशी व्यापाऱ्याने रिवाजाप्रमाणे प्रत्येक बाईला वर्षाच्या तिखटापुरती मिरची काढून दिली. बेबीबाईने आपला वाटा आशाला दिला आणि मुकादमाला कोपऱ्यातल्या देठांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो ढीग एरवी पेटवून देतात.

"त्यामायलं एक पोतं भरी लई जाऊ का?"

"देठ?" मुकादम हसला. "देठसनं काय करशी, मावशी?"

"माले दसरापावत पुराले पाहिजे," बेबीबाई म्हणाली, आणि खाली बसून दोन्ही हातांनी पोतं भरू लागली.